घाण्याच्या तेलातली ऑस्टिन

चौऱ्याहत्तर साली पेट्रोलचे भाव ऐकून इस्लामपुरातल्या डॉक्टर-वकिलांनी आपापल्या मोटारी झाकून ठेवल्या आणि ते सायकलवरून हिंडू लागले. नेमकी त्याच वेळी आमच्या दाजींनी सोळा वर्षं झाकून ठेवलेली मोटार उघडली. दाजींचं पहिल्यापासून हे असंच. गाव ऊस लावायचं तेव्हा ते तंबाखू लावायचे, आणि तंबाखूला दर आला की त्यांच्या रानात ऊस उभा असायचा.

दाजी म्हणजे लालासाहेब पाटील, माझ्या थोरल्या बहिणीचे, शालूअक्काचे यजमान. गाव इस्लामपूरपासून बैलगाडीच्या वाटेवर. मी साताऱ्याला कचेरीत होतो. पाडव्याला घरात ट्रॅक्टर येणार म्हणून अक्कानं मला बोलावून घेतलं आणि मीही बरीच रजा टाकून गेलो. माझ्यावाचून कचेरीचं काही अडत नसे, हे साहेबांनी रजेच्या अर्जावर सही करताना तोंडीही सांगितलं होतं.

मोटार म्हणजे काळी ऑस्टिन. थोरल्या पाटलांनी, दाजींच्या वडिलांनी, लढाई संपल्यावर घेतलेली. अक्काच्या लग्नात ती वरातीला होती असं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. फक्त अक्का तिच्यात नव्हती. पाटलांच्या घरात बायकांना गोषा होता. ऑस्टिनला काचा होत्या, पडदे नव्हते. नवी नवरी साऱ्या मुलखाला दिसली असती. म्हणून मोटारीत थोरले पाटील, मामलेदार आणि नवरदेव बसले, आणि नवरी मागून दमणीत, म्हणजे पडदे लावलेल्या छोट्या बैलगाडीत. धाकटा भाऊ म्हणून सोबतीला मी. दमणीच्या पडद्यातून माणसं आत बघू शकत नाहीत, पण धूळ येते. मोटारीनं उडवलेली सगळी धूळ आम्ही दोघांनी घेतली. वेशीतून आत शिरलो तेव्हा अक्काचा शालू मूळचा कुठल्या रंगाचा, हे सांगायला विणकराला बोलवावं लागलं असतं. सासूबाईंनी मायेनं विचारलं, प्रवास कसा झाला. अक्का शिंकली. सासरी ती बोललेलं पहिलं वाक्य ते.

पुढं बारा वर्षं मोटार फिरली. तिच्यातून आजारी माणसं इस्लामपूरला गेली, साक्षीदार सांगलीच्या कोर्टात गेले, एकदा जातिवंत म्हशीचं रेडकूसुद्धा मागच्या सीटवर बसून आलं. अक्का तेवढी गेली नाही. ती उंबऱ्याच्या आत उभी राहून मोटार निघताना बघायची. मग अठ्ठावन्न साली थोरले पाटील वारले, ड्रायव्हर साखर कारखान्यात चिकटला, आणि मोटार गुऱ्हाळाशेजारच्या छपरात जाऊन बसली. घरातला गोषाही त्यानंतर हळूहळू सुटला. आता अक्काची सून डोक्यावर पदर न घेता एस.टी.नं इस्लामपूरला जाते आणि कंडक्टरशी भांडून सुट्टे पैसे परत आणते. पण बायकांना बाहेर पडायची मोकळीक मिळाली तेव्हा मोटार बंद होती. अक्कानं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. मला मात्र माहीत होतं. त्या दमणीत मीही होतो.

आता ट्रॅक्टर ठेवायला छप्पर हवं होतं. ट्रॅक्टर आकारामचा, म्हणजे माझ्या भाच्याचा. त्यानं सांगलीच्या भंगारवाल्याला पाडव्याच्या सकाळचा सांगावा धाडला. दाजींनी हे ऐकलं आणि जेवणाच्या ताटावर मुलाशी बोलणं सोडलं. दोघांत निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं. "आबांना म्हणावं, ताक घ्या," "त्याला म्हणावं, घेतलंय," असा कारभार चालला होता. शेवटी अक्कानंच विचारलं,

"आकाराम, ती आपल्या पायानं छपराभाईर आली तर?"

आकाराम हसला. मोटारीचं बॉनेट त्यानं अलीकडेच उघडून पाहिलं होतं आणि आत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती.

"तर ऱ्हाऊ दे की. ट्रॅक्टर मी चिंचंखाली लावीन. पण बैलं जुपून ओढायची पाळी आली, तर तशीच फुडं सांगलीला जाईल."

"मामाच्या म्होरं बोललायस," अक्का म्हणाली. म्हणजे मी साक्षीदार झालो. कोर्टात न्यायला मोटार मात्र नव्हती.

दुसऱ्या दिवशी दाजी हवालदार दादासोंना घेऊन आले. दादासो मिलिटरीच्या वर्कशॉपमधून पेन्शनीत निघालेले. गावात परतल्यापासून त्यांच्या हाताखाली एकही मोटार आली नव्हती, त्यामुळे त्यांचं ज्ञान अगदी कोरं करकरीत राहिलं होतं. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, कोंबडीला अंड्यांसकट दुसरीकडे पोस्टिंग दिलं, हँडल लावून ताकद लावली. हँडल केसभरही फिरलं नाही. मग गावचा पैलवान अर्जुना आला. त्यानं जोर लावला तेव्हा हँडलाऐवजी सगळी मोटारच एका अंगाला उचलली गेली.

"जाम हाय," दादासो म्हणाले. "गंजलं असंल."

"गंज यायचं कारणच न्हाई," दाजी छाती पुढं काढून म्हणाले. "सांगलीच्या फिटरनं सांगितलं हुतं, ठेवताना इंजनात तेल सोडा. मी नुसतं ठेवताना न्हाई, दर खंडेनवमीला सोडतोय."

खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, कोयते, तलवारी, मोटेचं चाक, सगळ्यांची पूजा होते. ऑस्टिनलाही हळदकुंकू, झेंडूची माळ आणि दिवा लावून तेलाचं स्नान असे, ते मी पाहिलं होतं. फक्त ते स्नान आतूनही होत होतं, हे आजच कळलं.

दादासोंनी प्लग खोलला, भोकात तार घातली, बाहेर काढून नाकाशी धरली. मग ते शेजारच्या दगडावर बसले.

"पाटील, तेल कंचं?"

"घरचं. घाण्याचं. आपल्या शेंगांचं." दाजींना वाटलं, कौतुक होतंय. "बाजारचं भेसळीचं तेल घालायला ती काय परकी हाय?"

दादासोंनी डोक्यावरची टोपी काढली. मिलिटरीत वरिष्ठ वारल्याशिवाय ते ती काढत नसत. मग त्यांनी मला, मी कचेरीतला म्हणून, समजावून सांगितलं. मोटारीचं तेल निराळं आणि खायचं तेल निराळं. खायचं तेल वर्षानुवर्षं लोखंडावर राहिलं की त्याचा डिंक होतो. सोळा वर्षांच्या भक्तीनं पिस्टन जागच्या जागी चिकटले होते. गंज असता तर बरं झालं असतं. गंजाला निदान उपाय ठरलेला आहे.

दादासोंनी रॉकेल ओतलं. रेशनवर रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हा सगळ्या आळीच्या चिमण्यांतलं थोडं थोडं मागून आणलं. आळी लवकर झोपू लागली, पिस्टन मात्र ढिम्म हलले नाहीत. दाजी रोज छपरात जाऊन इंजिनाला हात लावून येत, जसं तापाच्या माणसाला लावतात. तिकडं आकारामनं बैलांच्या शिंगांना रंग लावला. तो दर पाडव्याला लावतोच, पण यंदा दाजींना ते बघवेना.

अक्का रोज दुपारी चहा घेऊन छपरात यायची आणि इंजिनाकडे बघायची. एकदा तिनं नखानं त्याच्यावरचा डिंक खरवडला आणि म्हणाली,

"हे कढईला बसतं तसलंच हाय. दिवाळीची कढई चिकटली की आमी सोडा टाकून उकळतो. खळखळ उकळायला लागतं, नुसतं भिजवून न्हाई निघत."

"वैनी, इंजन हाय ते. उकळायला कढई कुठली आणायची?" दादासो म्हणाले.

अक्का नुसती गुऱ्हाळाकडे बघत राहिली. तिथं उसाचा रस आटवायची काहील चुलाणावर होती. तिच्यात चार माणसं मांडी घालून जेवायला बसतील एवढी. दादासोही तिकडे बघू लागले. दुसऱ्या दिवसापासून ते सांगू लागले की मिलिटरीतही असंच करतात, मी तेच म्हणणार होतो.

काहील दाजींची असली तरी तिच्यावर हुकूम ज्ञानू गुळव्याचा. गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या, आणि हंगामात त्याच्यापुढं पाटीलही हळू बोलतो. ज्ञानू म्हणाला, काहिलीत उसाच्या रसाशिवाय आजवर काही गेलेलं नाही आणि माझ्या देखत जाणार नाही. दाजींनी समजूत घातली. दादासोंनी हुकूम सोडला. ज्ञानू दोघांनाही बधला नाही. मग अक्का गेली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण ज्ञानूच्या लग्नातही बायको दमणीतूनच आली होती एवढं मला ठाऊक आहे. हंगामातला शेवटचा गूळ उतरला त्या संध्याकाळी ज्ञानूनं काहील रिकामी करून दिली. अट एकच. उतरवायचं कधी, हे तो सांगणार.

सकाळी तीन वाशांची घोडी उभी केली, मोटेचा नाडा बांधला, आणि अर्जुना आणि त्याच्या तालमीतल्या पोरांनी दादासोंनी खोलून सुटं केलेलं इंजिन उचलून काहिलीत सोडलं. पाणी, त्यात धुण्याचा सोडा, खाली चिपाडांचा जाळ. चिपाडं म्हणजे रस काढून वाळलेला ऊस. गुऱ्हाळामागं त्यांचा घराएवढा ढीग पडलेला होता. सगळा गाव बघायला आला. बाहेरगावचा एक माणूस वाटेनं चालला होता, त्यानं विचारलं, काय शिजतंय. कुणीतरी सांगितलं, मोटार. तो मान हलवून पुढं गेला.

पाण्याला उकळी फुटली आणि ज्ञानूनं सवयीनं रानभेंडीचा चिकट रस आत ओतला.

"ते काय घातलंस?" दादासो ओरडले.

"भेंडी. मळी वर याला लागती की."

"मिलिटरीत भेंडी घालत न्हाईत."

"म्हून तर तुमच्या गाड्या बंद पडत्यात."

मळी मात्र आली. काळी, जाड, खमंग. ज्ञानू झाऱ्यानं ती काढत राहिला. दादासोंनी घड्याळ पाहून इंजिन बाहेर काढायला सांगितलं. ज्ञानू म्हणाला, अजून कच्चं आहे. दादासो म्हणाले, लोखंड कच्चं नसतं. दोघं काहिलीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि एकमेकांची नोकरी काढू लागले. त्या भरात बराच वेळ गेला, आणि मला वाटतं, तेवढाच तो लागणार होता. कारण ज्ञानूनं शेवटी फेसाकडे बघून "आता उतरवा" म्हटलं आणि इंजिन बाहेर आलं, तेव्हा ते बोहल्यावरून उतरल्यासारखं स्वच्छ होतं. दादासोंनी लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हातोडीनं हलकेच टोला दिला. पिस्टन सुळकन खाली गेला. दाजींनी तोंड फिरवून उपरण्यानं नाक पुसलं. भेंडीमुळं झालं की सोड्यामुळं, यावर गावात दोन पक्ष पडले, ते अजून आहेत.

मग दादासो कामाला लागले. इंजिन पुसून सुकवलं, परत मोटारीत बसवलं, मोटारीचं खरंखुरं तेल दाजींना डबा वाचून दाखवून घातलं. सांगलीहून जुने टायर आले. एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं बॅटरी दिली. सगळं मिळालं, फक्त ब्रेकचं रबर कुठं मिळालं नाही.

"मग थांबायचं कसं?" मी विचारलं.

"सोळा वर्सं थांबलीच हाय की," दादासो म्हणाले. "आधी चालू तर हुं दे."

पाडव्याला घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या. आकाराम पहाटेच इस्लामपूरला ट्रॅक्टर आणायला गेला होता. जाताना रंगीत शिंगांचे बैल जुंपून, बैलवाल्याच्या ताब्यात देऊन, छपरासमोर उभे करून गेला. त्यांच्या शेजारी सांगलीचा भंगारवाला बिडी ओढत उभा होता. दाजी नवा फेटा बांधून स्टिअरिंगला बसले. अर्जुनानं दंडाला तेल लावून हँडल धरलं. दादासो म्हणाले, आधी चालू करून बघू, मग पूजा, मग बायकामाणसांनी बसावं.

एवढ्यात अक्का आली. अंगावर लग्नातला शालू होता. रंग हिरवा होता, हे मला तेव्हा कळलं. ती सरळ पुढचं दार उघडून दाजींच्या शेजारी बसली.

"अगं, चालू तर हुं दे," दाजी म्हणाले.

"न्हाई. ही चालू झाली की निघून जाती. मी बगितलंय." तिनं दार ओढून घेतलं. "आता माझ्यासकट चालू हुं दे, न्हाईतर माझ्यासकट सांगलीला जाऊ दे."

भंगारवाल्यानं बिडी टाकली. अशा मालाचा व्यवहार त्यानं पूर्वी केला नव्हता.

अर्जुनानं हँडल मारलं. मोटार खोकली. पुन्हा मारलं, पुन्हा खोकली, आणि तो खोकला थोरल्या पाटलांसारखा होता असं दोन म्हाताऱ्यांचं मत पडलं. दाजींच्या फेट्यातून घाम कपाळावर गळायला लागला. बैलवाल्यानं दोर सोडवून हातात घेतला. अक्का समोर बघत बसली होती, दोन्ही हात मांडीवर. दादासोंनी बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी फिरवलं आणि अर्जुनाला मान हलवली. त्यानं शड्डू ठोकला, हँडल धरलं आणि जणू समोरच्याची पाठ लावायची आहे असा झटका दिला.

ऑस्टिन चालू झाली.

आधी आवाज, मग धूर. पांढरा, दाट, आणि शेंगतेलात भजी तळल्यासारखा वास. एक्झॉस्टच्या नळीत सोळा खंडेनवम्यांचं काहीबाही अजून होतंच. सणाचा दिवस, लोक उपाशीपोटी जमलेले. गर्दी मागं सरकायची ती धुराकडे सरकली. दाजींनी गिअर टाकला आणि मोटार बैलांच्या नाकासमोरून, आपल्या पायानं, छपराबाहेर आली. दादासो पळत येऊन बाजूच्या पायरीवर उभे राहिले. मी आणि निम्मं गाव मागून चाललो.

मोटारीचा वेग माणसाच्या चालीचा. गल्लीतून ती वेशीकडे निघाली. आणि वेशीतून हलगी वाजवत आकारामचा ट्रॅक्टर आत आला.

गल्ली एका गाडीची. समोर हलगीवाले, त्यांच्या मागं गुलाल पडलेला ट्रॅक्टर, वर आकाराम. त्यानं हात वर करून बापाला थांबायची खूण केली. दाजींनी पाय दाबला, तिथं काही नव्हतं. त्यांनी किल्लीकडे हात नेला. अक्कानं तो हात साऱ्या गावासमोर धरला.

"बंद करायची न्हाई," ती म्हणाली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मुलाला हाक मारली. "आकाराम, माझी गाडी थांबत न्हाई. तुझी मागं घे."

आकारामचा चेहरा मला अजून आठवतो. शेतकी शाळेत त्याला बरंच शिकवलं होतं, यावर काही नव्हतं. त्यानं रिव्हर्स टाकला. अशा तऱ्हेनं नवा ट्रॅक्टर पाडव्याच्या मुहूर्तावर उलटा गावात फिरला. हलगीवाल्यांनी वाजवणं न थांबवता मागं मागं चालायला सुरुवात केली. बायका दारात ओवाळायला उभ्या होत्या, त्यांना आधी ट्रॅक्टरची पाठ ओवाळावी लागली, मग मोटारीचं तोंड. अक्का एकेका दाराकडे बघून मान हलवत होती. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला होता आणि तिनं तो पुढं घेतला नाही.

वेशीजवळ मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात ट्रॅक्टर बाजूला झाला. मोटारीनं देवळाला एक प्रदक्षिणा घातली. दाजींना वाटलं, पुरे. अक्काला वाटलं नाही, म्हणून आणखी एक घातली. मग परत गल्लीतून, छपरावरून पुढं, गुऱ्हाळाकडे. दादासो पायरीवरून ओरडले, "चिपाडात घाला, पाटील, चिपाडात!" दाजींनी नेम धरला, आणि ऑस्टिन चिपाडाच्या ढिगात निम्म्यापर्यंत शिरून, खोकून, गप झाली. ज्ञानू गुळव्या ढिगाजवळच उभा होता. तो म्हणाला, "आता उतरवा."

अक्का उतरली नाही. शालूवरची चिपाडं तिनं एक एक करून झटकली.

आकाराम धावत आला. आईला लागलं नाही ना, हे पाहिलं, मग मोटारीकडे पाहिलं, मग हसू आवरेना म्हणून फेटा काढून त्यात तोंड घातलं. दाजींनी बऱ्याच दिवसांनी माझ्यामार्फत न बोलता त्याला विचारलं,

"काय रं, आपल्या पायानं भाईर आली का न्हाई?"

"आली की, आबा. ट्रॅक्टर चिंचंखाली लावतो." आणि तो भंगारवाल्याकडे वळून म्हणाला, पाव्हणं, तुम्ही आता जेवूनच जावा.

मोटार छपरात परत न्यायला मात्र ती चालू होईना. बाहेर येण्याबद्दल अट होती, आत जाण्याबद्दल नव्हती, असा निकाल मी कचेरीतला म्हणून दिला. रंगीत शिंगांचे बैल आणले, दोर बांधला, ढिगातून मोटार मागं ओढली आणि पुढून जुंपली. दाजी, दादासो, आकाराम, मी, सगळे उतरलेले. आत एकटी अक्का, पुढच्या सीटवर.

छप्पर समोरच होतं, हाकेच्या अंतरावर. बैलवाल्यानं कासरा त्या बाजूला ओढला.

"तिकडनं नको," अक्का खिडकीतून म्हणाली. "वेशीतनं घे."

बैल वेशीकडे वळले. त्यांच्या मागं मोटार, मोटारीच्या मागं आम्ही. त्या वर्षी गल्लीत मुरूम टाकला नव्हता, धूळ बरीच होती. दाजींनी उपरणं नाकाला लावलं. वेशीपाशी मोटार थोडी थांबली आणि अक्कानं मान वळवून मागं पाहिलं.

"प्रवास कसा चाललाय?" तिनं विचारलं.

दाजी शिंकले.